सातव्या ओळीतल्या चिठ्ठ्या

"तार कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलते ती चिठ्ठी."

मामा हे दिवसातून एकदा तरी म्हणत. ऐकायला कुणी असलं तर त्याला, नसलं तर हातातल्या तारेला. आणि बहुतेक दिवस ऐकायला तारच असे.

तसे ते कुणाचेच मामा नव्हते. ज्या एका भाचीचे खरे मामा होते ती समुद्रापलीकडे वाढली, आणि तिनं त्यांना उभ्या जन्मात दोनदा पाहिलं. पण कामावर कुणीतरी कधीतरी मामा म्हणालं, आणि ते नाव ओल्या भिंतीवरच्या बोटाच्या ठशासारखं कायमचं राहून गेलं. खरं नाव गळ्यातल्या पासावर होतं. ते कुणी वाचत नसे.

ज्या इमारतीत ते सव्वीस वर्षं राबले तिथं माणसं थोडी आणि यंत्रं उदंड. दुसऱ्यांची गुरं राखोळीला ठेवावीत तशी तिथं दुसऱ्यांची यंत्रं राहत. कुणा दवाखान्याची, कुणा शाळांची, कुणा दुकानदारांची. कुठल्या रोग्याच्या रक्तात काय निघालं, कुठल्या पोराला किती गुण मिळाले, सगळी माहिती त्या यंत्रांच्या पोटात. एक मोठा हॉल, खिडकी म्हणून नाही, आणि त्यात लोखंडी कपाटांच्या बारा ओळी. एकेका ओळीत सोळा कपाटं. सगळे त्यांना रॅक म्हणत, मामा मात्र कपाटच म्हणत. ओळीच्या पुढच्या बाजूला गार गल्ली, कारण तिथं जमिनीतून थंड हवा वर येई. मागच्या बाजूला गरम गल्ली, कारण यंत्रांचा श्वास तिथं बाहेर पडे. मामांची निम्मी हयात गरम गल्लीत गेली. हिवाळ्यात लोक म्हणत, मामांची मजा आहे. उन्हाळ्यात कुणी काही म्हणत नसे.

कपाटांच्या डोक्यावरून जाळीचे पाट गेले होते. पाटातून तारा चालत, निळ्या, करड्या, पिवळ्या, हजारांनी. एका तारेला दोन टोकं. एक टोक या कपाटात, दुसरं चार कपाटं सोडून किंवा पलीकडच्या ओळीत. दोन्ही टोकांना एकाच आकड्याची चिठ्ठी गुंडाळलेली. सात-नऊ-एकतीस म्हणजे सातवी ओळ, नववं कपाट, तार खोचायचं एकतिसावं घर. चिठ्ठ्या सगळ्या मामांच्या अक्षरात, गोल, टपोऱ्या, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा. यंत्रावर छापलेल्या चिठ्ठ्या त्यांना चालत नसत. म्हणत, "छापलेलं कुणाच्या बापाचं? चुकलं तर कान कुणाचा धरायचा?"

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज एवढा, की दोन हातांवरच्या माणसाला ओरडून सांगावं लागे. सव्वीस वर्षांत त्या आवाजानं मामांचा डावा कान खाल्ला आणि उजवा उष्टा केला. घरी गेल्यावर उलटीच तऱ्हा. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खुर्ची, एक ताट. तिथली शांतता त्यांना सोसत नसे. थंडीतसुद्धा ते छताचा पंखा लावून, दोन पांघरुणं घेऊन बसत. घर खायला उठू नये म्हणून त्याला आवाजाचा घास टाकलेला.

रविवारी धाकटी बहीण फोन करी.

"दादा, जेवलास?"

"जेवलो."

"काय केलं होतंस?"

"जेवण."

"अरे देवा, विचारते काय, सांगतोस काय! बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"आणि तो पंख्याचा आवाज कसला येतोय? बाहेर बर्फासारखी थंडी असेल तिथं."

"असू दे."

चार मिनिटांत गोष्ट संपे. मग पुढच्या रविवारपर्यंत मामांचा घरातला शब्द वापरावाचून पडून राही.

छतावर, हवा गार करणाऱ्या यंत्रांपाशी, एक मिस्त्री होता. त्याला सगळे गारेगार म्हणत. दिवसातून दोनदा तो तापमान बघायला खाली उतरे आणि मामांच्या उजव्या कानाशी येऊन म्हणे, "मामा, एखादी तार उलटून बोललीच तर मला हाक मारा बरं का."

"उलटून बोलायला तू आहेस की. तारांना कशाला त्रास?"

एवढं बोलून गारेगार निघून जाई. त्याचा दोष नव्हता. त्याचं काम छतावर होतं.

तारांच्या कामाला खरं तर दोन माणसं लागतात. हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला. हाक ऐकू येत नाही आणि मधे कपाटांची भिंत, म्हणून मामांनी आणि त्यांच्या जुन्या जोडीदारानं एक रीत बसवली होती. मामा तारा कधी आवळून बांधत नसत. मऊ पट्टीनं सैल जुडी करत, गवताची करावी तशी. त्यामुळे एका टोकाला बोटानं हलका हिसका दिला की तो दुसऱ्या टोकाला पोचे. एक हिसका म्हणजे 'मी इथं आहे'. दोन हिसके म्हणजे 'हीच ती'. जोडीदार ताडमाड उंच होता, त्याला लंबू म्हणत. नऊ वर्षांपूर्वी लंबू मुलाकडे राहायला गेला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. तेव्हापासून मामा या टोकाला दोरा बांधून, ओळीला वळसा घालून, त्या टोकाला जाऊन बघत. एका माणसानं झोपाळ्यावर बसायचं आणि उतरून झोकाही द्यायचा, तसलं ते काम.

मग सॉफ्टवेअर आलं.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मामा दाराजवळ उभे होते. साहेब म्हणाले, "कुठली तार कुठून कुठं जाते हे आज फक्त मामांच्या डोक्यात आहे. उद्या मामांना काही झालं तर आपण काय करायचं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मामांनीही हलवली. आपल्या मरणाची चर्चा आपल्या समोर चालली आहे आणि तिला आपलीही संमती आहे, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं.

सॉफ्टवेअरबरोबर एक बाई आली. चाळिशीची, काळ्या काडीचा चष्मा, हातात पाटीएवढा पडदा. तिला तिसऱ्या मजल्यावर टेबल दिलं होतं. लोक तिला नकाशेवाली म्हणू लागले. पहिल्या दिवशी ती खाली आली, मामांचा उजवा कान कुठला ते तिनं विचारून घेतलं आणि त्यात ओरडली, "मामा, ही बघा तुमची सातवी ओळ."

पडद्यावर सोळा कपाटं उभी होती. त्यांत खणाखणात यंत्रं, कुठली जागा रिकामी, कुठल्या कपाटावर किती भार. एका तारेवर बोट ठेवलं की तिचं दुसरं टोक आपसूक उजळे.

"माझी ओळ इतकी स्वच्छ कधीच नव्हती," मामा म्हणाले.

"धूळ अजून भरलेली नाही त्यात. ती तुम्ही सांगाल तशी भरते."

मामा हसले. हॉलमध्ये आपण कित्येक वर्षांत हसलो नाही, हे त्यांना हसताना जाणवलं. गाल दुखला.

नकाशा भरायचा तर प्रत्येक तार तपासायला हवी. आणि तपासायला दोन माणसं. मामांनी तिला हिसक्याची रीत शिकवली. ती पलीकडच्या गल्लीत गेली. मामा अलीकडे एक निळी तार चिमटीत धरून उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग तार थरारली. एकदा. नऊ वर्षांनी त्या बाजूला कुणीतरी होतं. मामांनी दोन हिसके दिले आणि डोळे पुसले. गरम गल्लीत घाम येतोच, कुणी विचारायचं कारण नव्हतं.

चार महिने हे चाललं. दिवसाला साठ-सत्तर तारा. हॉलमध्ये खायला बंदी, म्हणून दुपारी दोघं जिन्यात बसून डबा खात. तिथं आवाज कमी होता. बाई बोलकी होती.

"तुम्हाला वाटतं तुम्ही एकटे आहात," ती एकदा म्हणाली. "मी वर बसते ना, तिथं तर तुमची यंत्रंसुद्धा नाहीत. घरी आई आहे. ती टीव्हीशी बोलते. मी मधे बोलले तर म्हणते, थांब, तो काय म्हणतोय ऐकू दे."

"तो काय म्हणतो?"

"बातम्या सांगतो, मामा. दुसरं काय म्हणणार?"

"मग बरोबर आहे आईचं. तुमच्या बातम्या कुठं असतात?"

"हो का! आणि तुमच्या?"

"माझ्या असत्या तर टीव्हीवर लागल्या असत्या."

असं काहीबाही. पण मामा संध्याकाळी घरी जाताना ते बोलणं खिशातल्या फुटाण्यांसारखं एकेक काढून चघळत जात. पंखा लावायचं दोनतीनदा ते विसरलेसुद्धा.

मग नकाशा पुरा झाला. सांगता सांगता झालाच. शेवटची तार बाराव्या ओळीतली, करडी. दोन हिसके आले. बाई वळसा घालून आली आणि म्हणाली, "सुटलात माझ्या तावडीतून! आता मला वरूनच सगळं दिसतं. खाली यायची गरज नाही."

आनंदाची बातमी म्हणून तिनं ती सांगितली. मामांनीही तशीच घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डबा घेऊन जिन्यात बसले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभं राहून वर पाहिलं. तिसरा मजला दूर नव्हता. मोजून चव्वेचाळीस पायऱ्या. पण वर जाऊन म्हणायचं काय? काम असलं तर माणूस जातो. काम नसताना कुणाकडे कसं जायचं, हे मामांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. ते डबा धुऊन परत गरम गल्लीत गेले.

आणि त्याच दिवशी, तीनच्या सुमाराला, त्यांनी ती गोष्ट केली.

ओळीत काही तारा मेलेल्या असतात. यंत्र जुनं होऊन निघून जातं, तार तशीच राहते, दोन्ही टोकांना खोचलेली. बघून कळत नाही, जिवंत तारेसारखीच दिसते. मामांनी सातव्या ओळीत एका मेलेल्या तारेची चिठ्ठी सोडवली आणि शेजारच्या जिवंत तारेवर गुंडाळली. जिवंत तारेची मेलेल्या तारेवर. एकाच टोकाला. अशी पाच ठिकाणी अदलाबदल केली. हाताला सव्वीस वर्षांची सवय, पाच-सात मिनिटांत झालं. मनाशी म्हणाले, मेलेल्या तारेला काय कळतंय? आणि कुठं काय केलं ते माझ्या डोक्यात आहेच.

सोमवारी त्यांनी वर फोन लावला. "बाई, सातव्या ओळीत एका तारेच्या दोन टोकांना दोन आकडे दिसतात. तुमचं सॉफ्टवेअर काय म्हणतं?"

"अगं बाई! आलेच."

ती आली. पडदा घेऊन पलीकडे गेली. हिसका आला, हिसका गेला. चूक सापडली, चिठ्ठी सरळ झाली. डबा जिन्यात झाला. बाई म्हणाली, "मामा, बरं तुमचं लक्ष होतं. नाहीतर कुणाला दिसलं असतं?"

मामांनी उरलेला घास तसाच ठेवून डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या सोमवारी दुसरी. मग तिसरी. मग चौथी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मामा प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघत. पण ती आपली पडद्यात बघून कपाळाला आठ्या घाली आणि म्हणे, "माझंच काहीतरी चुकलं असणार भरताना. चार महिने तुम्ही बोटानं दाखवलंत, आणि मी आंधळी." दोष तिनं स्वतःवर घेतला, आणि मामांनी तो तिला घेऊ दिला. हे त्यांच्या जिवाला सगळ्यात जड गेलं. पण सोमवार आला की हात फोनकडे जाई.

चौथ्या सोमवारनंतरच्या मंगळवारी भिंतीवर कागद लागला. सॉफ्टवेअरनं मेलेल्या तारांची यादी काढली होती, दोनशे बारा. जाळीच्या पाटांवर त्यांचा भार नको, हवा अडते, जागा खातात. गुरुवारी सकाळी बाहेरची माणसं कात्र्या घेऊन येणार होती. चिठ्ठीवरचा आकडा यादीत बघायचा, तार कापायची, ओढून काढायची. त्यांना दुसरं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मामा कागदासमोर उभे राहिले. पाचवी चिठ्ठी अजून तशीच होती. एका जिवंत तारेवर मेलेलीचं नाव. आणि ते नाव यादीत असणार.

ते घाईनं गेले नाहीत. घाईची गरज नव्हती. कुणाला न कळता सरळ करून टाकू, झाकली मूठ झाकलेली राहील. सातव्या ओळीत जाऊन त्यांनी नववं कपाट उघडलं. वाकून पाहिलं. चिठ्ठ्या सगळ्या जागच्या जागी. त्यांच्याच अक्षरात, गोल, टपोऱ्या.

नववं की अकरावं?

त्यांनी अकरावं उघडलं. मग दहावं. मग परत नववं. ज्या डोक्यात बारा ओळींच्या तारा सव्वीस वर्षं नांदल्या, त्या डोक्यात महिन्याभरापूर्वीच्या दुपारची सात मिनिटं सापडेनात. लाज वाटत असताना केलेलं काम होतं ते. हातानं केलं, डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. ते कपाटाला धरून उभे राहिले.

नुसत्या यादीतल्या तारा बघून भागणार नव्हतं, आपल्या आठवणीवर आता त्यांचा भरवसा उरला नव्हता; सगळ्याच तपासायला हव्या होत्या. दोरा बांधून, वळसे घालून, एकट्यानं तीन कपाटांतल्या दोनशेच्या वर तारा बुधवारभरात होणार नव्हत्या. साहेबांना सांगावं की कापणं पुढं ढकला? साहेब कारण विचारणार. एखादं कारण बनवता आलं असतं. जाळी गंजली आहे, असं काही. मंगळवारच्या संध्याकाळी पंखा लावून, पांघरुणात बसून मामांनी चार कारणं बनवली. चारही चांगली होती. आणि त्यांतलं कुठलंही सांगितलं की बाई पुढच्या सोमवारी येणार, डबा जिन्यात होणार. खरं सांगितलं की तिथंच सगळं संपलं. दोन ताटं समोर मांडल्यासारखी ती गोष्ट त्यांच्या समोर बसली होती.

बुधवारी सकाळी ते चव्वेचाळीस पायऱ्या चढले.

बाईचं टेबल खिडकीशी होतं. खिडकीत एक कुंडी, तिच्यातलं रोप वाळलेलं. मामांना बघून ती उठली. "अहो मामा! तुम्ही वर? बसा ना. चहा मागवू?"

"नको. बसत नाही." मामा उभेच राहिले. "सातव्या ओळीतल्या चुका तुमच्या नव्हत्या. चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. पाच. चार सापडल्या. पाचवी कुठं आहे ते मला आठवत नाही. उद्या ती जिवंत तार कापली जाईल."

बाईला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्ही? का?"

मामा खिडकीतल्या रोपाकडे बघत होते.

"कुणी सांगितलं होतं का तुम्हाला? की सॉफ्टवेअर नको होतं? मला तोंडघशी पाडायचं होतं?"

"नाही, नाही. तसं नाही." ते थांबले. "सोमवारी तुम्ही खाली यायच्यात."

मग तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि तिचा आवाज चढला. "चहाला या म्हणाला असतात तरी आले असते की! नुसतं फोन करून म्हणायचं, बाई, या. एवढं अवघड होतं?"

"हो," मामा म्हणाले.

ती पडदा उचलून त्यांच्या पुढं होऊन जिना उतरू लागली.

दहा वाजता सुरू केलं. मामा अलीकडे, बाई पलीकडे. एक हिसका, दोन हिसके, पुढची तार. मामांच्या बोटांना त्या हिसक्यांतला राग कळत होता. पूर्वी तार थरारायची, आज नुसती ओढली जात होती. दुपारी बाई डबा न खाता पाण्याची बाटली तोंडाला लावून परत आली. मामांनीही डबा उघडला नाही. नववं कपाट संपलं, त्यात नव्हती. दहावं निम्मं झालं. गारेगार तापमान बघायला आला, दोघांकडे बघितलं, आणि कधी नव्हे तो काही न बोलता गेला.

चार वाजायच्या सुमाराला मामांनी दहाव्या कपाटातली एक निळी तार हलवली. चिठ्ठीवर आकडा अठ्ठाविसाचा, यादीत 'मेलेली' म्हणून असलेला. पलीकडून उत्तर नाही. मामांनी पुन्हा हिसका दिला. बाई वळसा घालून आली.

"माझ्याकडे अठ्ठावीस हललीच नाही," ती म्हणाली. "एकोणतीस हलली."

तिनं पडद्यावर एकोणतिसावर बोट ठेवलं. तार उजळली. तिच्यावर काय चालतं ते खाली लिहून आलं. बाईनं ते वाचलं आणि पडदा मामांच्या पुढं धरला. रुग्णवाहिका बोलवायचा नंबर लोक फिरवतात, ते फोन त्या तारेवरून जात होते. गावागावांतले, रात्रंदिवसाचे.

मामांनी दोनदा वाचलं. मग चिठ्ठ्या सोडवल्या, जागच्या जागी गुंडाळल्या. पहिली चिठ्ठी दोनदा वाकडी बसली. बाईला एक टोक धरून ठेवावं लागलं.

"मी हे लिहिणार आहे," ती म्हणाली. "सगळं. झाकणार नाही."

"लिहा."

"मला बरं वाटतंय म्हणून नाही लिहीत."

"ठाऊक आहे. लिहा."

गुरुवारी सकाळी कात्रीवाल्यांना दारातूनच परत पाठवलं. साहेबांनी मामांना आत बोलावलं आणि खुर्ची दिली. त्या खोलीत मामा पहिल्यांदाच बसले. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"मामा, एक चिठ्ठी खोटी निघाली की बाकीच्या हजारोंवर विश्वास कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा. बाराही ओळी पहिल्यापासून तपासाव्या लागणार. चार महिने परत. बाईंना रोज खाली उतरावं लागणार."

मामांनी मान वर केली.

"पलीकडच्या टोकाला अर्थात दुसरा माणूस असेल," साहेब म्हणाले. "तुम्ही हॉलमध्ये जायचं नाही. निवृत्तीला सात महिने आहेत, तोवर खालच्या कोठारात बसा. काम काही नाही. बसायचं."

"बसायला माझं घर आहे," मामा म्हणाले, आणि गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. रागानं नाही. एखादं हत्यार दिवस संपल्यावर जागेवर ठेवावं, तसा.

दाराबाहेरच्या खुंटीवरचा डबा आणि हातमोजे घ्यायला ते शेवटचे हॉलच्या दारापर्यंत गेले. आत जायचं नव्हतं, म्हणून उंबऱ्याबाहेर थांबले. दार कुणीतरी टेकू लावून उघडं ठेवलं होतं. पहिल्या ओळीशी बाई पडदा घेऊन उभी होती आणि एक नवा माणूस, खांद्याचा रुंद, पलीकडच्या गल्लीत जायला निघाला होता. मामांनी हात वर केला. बाई दारापर्यंत आली.

"त्याला सांगा, हिसका हलका द्यायचा. दोन बोटांनी. मुठीनं ओढली तर खोचलेलं टोक सैल होतं."

"सांगते."

"आणि तारा आवळून बांधू देऊ नका."

"बरं."

ती आणखी काही म्हणेल असं वाटून ते क्षणभर थांबले. नवा माणूस पलीकडच्या टोकाला पोचला असावा, कारण बाईनं मागं वळून पाहिलं आणि ती आत गेली. दार तिनं जाताना ओढून घेतलं. गार हवा बाहेर जाऊ द्यायची नसते.

दुपारचे साडेबारा झाले होते. छतावर गारेगार एका बंद पडलेल्या पंख्याचं झाकण उघडून बसला होता. खाली आवारात मामा दिसले तेव्हा त्याला आधी नवल वाटलं, कारण या वेळेला मामा उन्हात त्यानं कधी पाहिले नव्हते. हातात डब्याची पिशवी, हातमोजे खिशातून बाहेर लोंबलेले. फाटकाशी पहारेकरीण खोलीतून बाहेर आली, तिनं काही विचारलं, मामांनी गळ्याकडे हात नेऊन काहीतरी सांगितलं. तिनं फाटक उघडलं.

"मामा!" गारेगारनं हाक मारली. "ओ मामा!"

छतावरची बाकीची यंत्रं घरघरत होती. हाक कठड्यापर्यंतही पोचली नसेल. तो उठला आणि पाना हातात धरून कठड्याशी आला. बस थांब्याशी उभी होती. मामा तिच्या जवळून गेले, चढले नाहीत. बस निघून गेली. रस्ता पुढं गोदामांच्या भिंतीच्या कडेनं सरळ जात होता, सावली नव्हती. मामा भिंतीच्या बाजूनं, फार हळू नाही आणि फार भरभर नाही, चालत राहिले. एकदा पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

गारेगार कठड्याशी उभा होता. खाली जाऊन त्यांना गाठावं असं त्याच्या मनात आलं. मग गाठून म्हणायचं काय, हे त्याला सुचेना. मामा भिंतीच्या टोकाशी वळले आणि दिसेनासे झाले, तरी तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला.